टीव्हीस जोडण्याची पेटी कशी निवडावी?



कोणतीही वस्तु विकत घेण्यापूर्वीं आधीं आपलें घर पाहावें आणि मग दुकानाची पायरी चढावी, हें वडीलधाऱ्या माणसांचें सांगणें नवें नाहीं. परंतु वस्तु नवी असली, कीं हें जुनें सांगणें आपण विसरतों. गेल्या वर्षीं नववीच्या वर्गांतील एका विद्यार्थ्याच्या घरीं असेंच झालें. त्याचे वडील परदेशीं जहाजावर नोकरीस असतात. शिरोड्यास घरीं आई, धाकटी बहीण आणि आजी. आजीचे गुडघे धरले, तेव्हांपासून रात्रीं जत्रेस जाणें बंद झालें, आणि जत्रेबरोबर दशावतारी नाटकही सुटलें. वडिलांनीं पैसे पाठविले व कळविलें कीं, इंटरनेटवरील चित्रें टीव्हीवर दाखविणारी एखादी पेटी घ्या, म्हणजे आजीला घरबसल्या दशावतार पाहतां येईल.

मुलानें शहरांतील एका दुकानांतून, वेष्टनावरचीं मोठमोठीं अक्षरें वाचून, एक पेटी आणली. घरीं आल्यावर तिला टीव्हींत जागा मिळेना. जागा झाली तेव्हां इंटरनेट पुरेना. आणि इंटरनेट कसेंबसें पुरलें, तेव्हां आजीला रिमोट कळेना. दुकानदारानें पेटी परत घेतली नाहीं. आजी एवढेंच म्हणाली, "माका दशावतार बघूंक होयो, बाकीचां काय नको." दुसऱ्या दिवशीं तो मुलगा ती पेटी दप्तरांत घालून माझ्याकडे आला. तिच्या निमित्तानें जी चौकशी मला करावी लागली, तिचें सार येथें देत आहें. अशा पेट्या आज पुष्कळ घरीं येत आहेत, आणि मेहनतीचा पैसा वाया गेलेलें हें घर कांहीं एकटेंच नसावें.

प्रथम ही पेटी काय करते, तें पाहूं. आपल्या देशांत दूरदर्शनचें पहिलें प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ रोजीं दिल्लीस झालें. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. त्या वेळीं चित्र हवेंतून येई, आणि तें धरण्यासाठीं कौलांवर अँटेना लागे. पुढें डिश आली व चित्र उपग्रहावरून येऊं लागलें. या दोन्ही रीतींत एकच गोष्ट समान आहे: केंद्र जें दाखवील, तें सर्वांनीं एकाच वेळीं पाहावयाचें. इंटरनेटच्या रीतींत तसें नाहीं. येथें प्रत्येक घर आपल्याला हवें तें मागतें, आणि तेंच त्या घराकडे पाठविलें जातें. हें मागणें व घेणें ज्या लहानशा संगणकाकडून होतें, तीच ही पेटी. ती बोटाएवढी असून टीव्हीच्या पाठीमागें लटकत असली, तर तिला स्टिक म्हणतात. वाटीएवढी असून टेबलावर बसत असली, तर बॉक्स म्हणतात. काम दोहोंचें एकच. अमेरिकेंत मे २००८ मध्यें निघालेली रोकू ही पेटी या प्रकारांतील आरंभींच्या पेट्यांपैकीं होय. जपानी भाषेंत 'रोकू' म्हणजे सहा, आणि ती कंपनी संस्थापकाची सहावी होती म्हणून हें नांव. गूगलची क्रोमकास्ट २०१३ सालीं निघाली, आणि ॲमेझॉनची फायर टीव्ही स्टिक एप्रिल २०१७ मध्यें भारतांत आली.

आतां चित्र घरापर्यंत येतें कसें? संपूर्ण चित्रपट एकदम येत नाहीं. त्याचे कांहीं सेकंदांचे लहान लहान तुकडे केलेले असतात, आणि प्रत्येक तुकडा ठळक, मध्यम व अंधुक अशा अनेक प्रतींत तयार ठेवलेला असतो. पेटी एक तुकडा दाखवीत असतां पुढचे कांहीं तुकडे आपल्या स्मृतींत सांठवून ठेवते. आपल्या गांवच्या मुलांस याचा दाखला लांब शोधावयास नको. ज्या मिठागरांमुळें १९३० सालच्या मे महिन्यांत, मिठाच्या सत्याग्रहाच्या वेळीं, शिरोड्याचें नांव सर्वत्र झालें, त्या मिठागरांची रचना आठवा. भरती कांहीं अष्टौप्रहर नसते. म्हणून उघाडीवाटे भरतीचें पाणी प्रथम एका मोठ्या तळ्यांत घेतात, आणि तेथून तें बेताबेतानें वाफ्यांत सोडतात. ओहोटी लागली तरी वाफ्यांचें पाणी तुटत नाहीं, कारण मध्यें तळें आहे. पेटीची स्मृति हें तें तळें, आणि इंटरनेट ही भरती-ओहोटी. पडद्यावर गोल चक्र फिरूं लागलें, म्हणजे तळें आटलें असें समजावें. चांगली पेटी तळें आटूं लागतांच पुढचे तुकडे कमी ठळक प्रतींत मागते. चित्र थोडें अंधुक होतें, पण खंड पडत नाहीं.

इतकें समजल्यावर निवडीकडे वळूं.

पहिला प्रश्न असा: पेटी मुळांत हवी आहे काय? अलीकडे घेतलेल्या बहुतेक टीव्हींत हा संगणक आंतच बसविलेला असतो. तो नीट चालत असल्यास निराळी पेटी घेणें म्हणजे विहीर असतां घागर विकत आणणें होय. कांहीं ठिकाणीं फायबरची जोडणी देणारी कंपनी आपली पेटी जोडणीबरोबरच देते. तिची चौकशी आधीं करावी. आणि घरच्या लग्नाचें चित्रणच तेवढें पाहावयाचें असेल, तर तें पेनड्राइव्हवर घालून टीव्हीच्या यूएसबींत लावल्यास बहुधा काम भागतें. त्यास इंटरनेटही लागत नाहीं. ज्यांस केवळ बातम्या आणि सह्याद्री वाहिनी हवी, त्यांस दूरदर्शनची फ्री डिश पुरे आहे. एकदा डिश बसविली, कीं महिन्याचें शुल्क नाहीं.

दुसरा प्रश्न टीव्हीच्या पाठीचा. टीव्हीच्या मागें किंवा बाजूस एक चपटें, खालचे दोन कोपरे तासलेलें छिद्र असतें. त्यास एचडीएमआय म्हणतात. आजच्या स्टिका व पेट्या तेथेंच बसतात. जुन्या फुगीर पडद्याच्या टीव्हीस हें छिद्र नसतें; तेथें तांबडें, पांढरें व पिवळें अशीं तीन वाटोळीं छिद्रें असतात. अशा टीव्हीसाठीं मध्यें एक रूपांतर करणारी डबी लावावी लागते, आणि तिची किंमत आधींच हिशेबांत धरावी. वर सांगितलेल्या घरीं टीव्हीस एचडीएमआयचें एकच छिद्र होतें, व तें डिशच्या सेटटॉप बॉक्सनें अडविलें होतें. तो सेटटॉप बॉक्स तीन रंगांच्या तारेवर हलविला, तेव्हां जागा झाली. दुकानांत जाण्यापूर्वीं टीव्हीच्या पाठीचें एक छायाचित्र फोनवर काढून नेलें असतें, तर हा घोटाळा झालाच नसता.

येथेंच विजेचीही एक गोष्ट सांगून ठेवतों. टीव्हीच्या यूएसबींतूनच स्टिकला वीज द्यावी, असा पुष्कळांचा कल असतो. परंतु जुन्या प्रकारच्या यूएसबींतून अडीच वॉट वीज मिळते, आणि स्टिकला बहुधा पांच वॉट लागते. मग स्टिक मध्येंच बंद पडून पुन्हां सुरू होते, आणि दोष इंटरनेटला दिला जातो. बरोबर आलेला चार्जरच भिंतीच्या प्लगांत लावावा. वळवाच्या दिवसांत वीज कडाडूं लागली, कीं तो प्लगांतून काढून ठेवावा. समुद्राच्या खाऱ्या हवेनें तारांचीं टोंकें हिरवीं पडतात. वर्षांतून एकदोनदां तीं कोरड्या फडक्यानें पुसलेलीं बरीं.

तिसरा प्रश्न इंटरनेटचा, आणि येथें थोडें गणित करावें लागेल. नेटफ्लिक्स कंपनीच्या सांगण्याप्रमाणें स्वच्छ चित्रास सेकंदाला ३ मेगाबिट, पूर्ण एचडी चित्रास ५, आणि ज्यास ४के म्हणतात त्यास १५ मेगाबिट वेग लागतो. ५ मेगाबिटांनीं तासभर चित्र पाहिलें, तर ५ × ३६०० म्हणजे १८,००० मेगाबिट झाले. आठ बिटांचा एक बाइट. तेव्हां २,२५० मेगाबाइट, म्हणजे सव्वा दोन जीबी. कित्येक सेवांचा खर्च याहून अधिक, तासास ३ जीबीपर्यंत जातो. आतां ज्या घरीं मोबाइलचा रोज २ जीबीचा पॅक आहे आणि त्याच्याच हॉटस्पॉटवर टीव्ही चालवावयाचा आहे, तेथें काय होईल? तासाला ३ जीबी धरल्यास ४० मिनिटांत दिवसाचा पॅक संपेल. दशावतारी नाटक तर रात्रभर चालतें! अशा घरीं पेटीच्या व्यवस्थेंत जाऊन चित्राची प्रत मुद्दाम खालीं आणून ठेवावी. साध्या प्रतीस तासाला सुमारें १ जीबी पुरतो. परंतु रोज पाहणें असेल, तर वायफायची कायमची जोडणी घेतल्यावांचून पेटी घेऊं नये. आधीं पाणी आणावें, मग नळ बसवावा.

जोडणी आली, तरी तें पाणी खोलीपर्यंत पोंचलें पाहिजे. आपल्याकडचीं घरें जांभ्या दगडाच्या चिऱ्यांचीं. भिंती जाड, आणि पावसाळ्यांत ओल धरणाऱ्या. वायफायच्या लहरी दोन प्रकारच्या असतात: २.४ गिगाहर्ट्झच्या आणि ५ गिगाहर्ट्झच्या. पांचाच्या लहरी वेगवान, परंतु भिंतीपुढें लवकर हार खाणाऱ्या. अडीचाच्या आंतल्या लहरी मंद, पण भिंतींतून अधिक पार जाणाऱ्या. म्हणून राउटर ओटीवर आणि टीव्ही माजघरांत असेल, तर मध्यें किती भिंती आहेत, तें मोजावें. दोन्ही प्रकारच्या लहरी धरणारी पेटी घ्यावी. आणि शक्य तर राउटर व टीव्ही एकाच खोलींत ठेवावे. भिंतीच जाड असतील, तर तार लावण्याचें छिद्र असलेला बॉक्स घेऊन राउटरपासून तारच ओढावी. तारेस भिंतीची भीति नाहीं. स्टिकला बहुधा असें छिद्र नसतें, हा स्टिक आणि बॉक्स यांतील ध्यानांत ठेवण्याजोगा भेद होय.

चौथा प्रश्न ४के या अक्षरांचा. वेष्टनावर हीं अक्षरें सर्वांत मोठीं असतात, आणि त्यांनींच आमचा विद्यार्थी भुलला. पूर्ण एचडी चित्रांत १९२० × १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके असतात. ४के चित्रांत ३८४० × २१६०, म्हणजे ८२,९४,४००, बरोबर चौपट. पण ते दिसतात काय? निरोगी डोळ्यास दोन ठिपके वेगळे दिसण्यास त्यांमध्यें सुमारें एका कलेचा, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाचा, कोन लागतो. एका कलेस रुंदी ही अंतराच्या सुमारें ३४३८ वा भाग असते. ३२ इंची टीव्हीच्या पडद्याची रुंदी सुमारें ७१ सेंटिमीटर. तींत १९२० ठिपके मांडले, तर एकेक ठिपका ०.३७ मिलिमीटरचा. त्यास ३४३८ नें गुणिलें, कीं १,२७२ मिलिमीटर, म्हणजे सव्वा मीटरच्या किंचित् पुढें, सुमारें ४ फूट येतात. याचा अर्थ असा कीं, ३२ इंची टीव्हीपासून ४ फुटांहून दूर बसणाऱ्यास एचडीचे ठिपकेही वेगळे दिसत नाहींत. मग ४के चा खर्च कशासाठीं? शिवाय ज्या टीव्हींत तितके ठिपकेच नाहींत, त्यावर पेटी ते निर्माण करूं शकत नाहीं. मोठा ४के टीव्ही आणि पुरेसा वेग, हीं दोन्ही असतील तरच ४के पेटी घ्यावी. या हिशेबाचा पडताळा विद्यार्थ्यांनीं आपल्या घरीं पट्टी घेऊन अवश्य पाहावा.

पांचवा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा: पेटी प्रामाणिक आहे काय? बाजारांत नांव-गांव नसलेल्या स्वस्त अँड्रॉइड पेट्या मिळतात. त्यांवर "सर्व वाहिन्या फुकट" असें लिहिलेलें असतें. आमच्या विद्यार्थ्याची पेटी याच जातीची होती. अशा पेट्यांस मोठ्या चित्रसेवांची मान्यता नसल्यामुळें, महिन्याचें शुल्क भरूनही त्यांवर पुष्कळदां हलक्या प्रतीचेंच चित्र मिळतें. पण ही हानि लहान. जानेवारी २०२३ मध्यें कॅनडांतील एका संगणक-जाणकारानें टी-९५ नांवाची अशीच एक पेटी विकत घेऊन तपासली, तेव्हां तिच्यांत कारखान्यांतूनच घातक प्रोग्राम भरून आलेला आढळला. ५ जून २०२५ रोजीं अमेरिकेच्या एफबीआय या तपास-संस्थेनें जाहीर सूचना काढली कीं, अशीं लक्षावधि उपकरणें दूषित झालीं असून, कांहींत तर विक्रीपूर्वींच दोष घातलेला असतो. अशा पेटीवाटे दूरचे भामटे आपल्या घरचें इंटरनेट आपल्याच वाटेसारखें वापरतात; गुन्हा त्यांचा, आणि पत्ता आपला! ओळखावयाच्या खुणा त्या सूचनेंत दिल्या आहेत: अनोळखी ठिकाणाहून ॲप उतरवून घ्यावयास सांगणें, गूगलची संरक्षण-व्यवस्था बंद करावयास लावणें, आणि पैशाची वस्तु फुकट देण्याचें आमिष दाखविणें. ज्या वायफायवर घरचा फोन, आणि त्या फोनवर बँकेचा व्यवहार, त्याच वायफायवर असा पाहुणा आणूं नये.

सहावा प्रश्न आयुष्याचा. रेडिओ एकदा घेतला, कीं तीस वर्षें चाले. ही पेटी तशी नव्हे. ती बनविणाऱ्याच्या नित्य देखभालीवर जगते. ९ मार्च २०२५ रोजीं, २०१५ सालीं निघालेल्या दुसऱ्या पिढीच्या क्रोमकास्ट जगभर एकाएकी बंद पडल्या. त्यांत काहीं मोडलें नव्हतें. ओळख पटविणाऱ्या एका प्रमाणपत्राची दहा वर्षांची मुदत त्या दिवशीं संपली होती. कांहीं दिवसांत गूगलनें दुरुस्ती पाठविली आणि त्या पुन्हां चालूं लागल्या. परंतु पाठीमागें जबाबदार कंपनी नसती, तर त्यांची किंमत खड्याएवढीच राहिली असती. स्वतः गूगलनेंही ऑगस्ट २०२४ मध्यें क्रोमकास्ट बनविणें थांबवीत असल्याचें जाहीर केलें. म्हणून दुकानांत साचलेला जुना माल स्वस्त मिळाला, तरी तो कोणत्या सालचा, हें विचारावें. परदेशांतील नातलग तिकडची पेटी भेट आणतात. ती तेथील सेवांसाठीं बेतलेली असते, तेव्हां आणण्यापूर्वींच चौकशी करणें बरें. तसेंच आपल्याला हवें तें ॲप त्या पेटीवर चालतें, अशी खात्री करून घ्यावी. ॲमेझॉनच्या पेट्यांवर गूगलचें ॲप-दुकान नसतें. यूट्यूब मात्र दोन्हींकडे चालतें. प्रसार भारतीनें २० नोव्हेंबर २०२४ रोजीं गोव्यांतील चित्रपट-महोत्सवांत वेव्हज् नांवाची सेवा सुरू केली. दूरदर्शनचे जुने कार्यक्रम आवडणाऱ्या घरांनीं तिचीही विचारणा करावी.

सातवा प्रश्न कोणी विचारीत नाहीं, आणि तोच आधीं विचारावयास हवा: रिमोट कोणाच्या हातीं राहणार? पंधरा वर्षांच्या मुलास जें सोपें, तें सत्तर वर्षांच्या आजीस सोपें असेलच असें नाहीं. बटणें थोडीं असावीं. टीव्हीचा आवाज त्याच रिमोटनें कमी-जास्त व्हावा. आणि बोलून शोधण्याची सोय असावी. ती सोय मराठी समजते कीं नाहीं, तें दुकानांतच मराठी बोलून पाहावें. सर्व पेट्यांस मराठी येत नाहीं. फोनवरील चित्र टीव्हीवर पाठविण्याची सोयही पाहून घ्यावी, म्हणजे दूर असलेल्या बापानें पाठविलेलें चित्रण सर्व घरास एकत्र बसून पाहतां येतें.

शेवटीं खर्च. पेटीचा खर्च एकदां. सेवांचा खर्च दर महिन्याचा. महिना २०० रुपयांची एक सेवा म्हणजे वर्षाचे २,४०० रुपये, आणि अशा तीन घेतल्या तर ७,२००. पेटीच्या किमतीहून हा आंकडा मोठा होतो. खात्यांतून आपोआप पैसे जाण्यास दिलेली संमति कोणकोणत्या सेवेस आहे, तें दर तिमाहीस पाहावें. पेटींत खरेदीसाठीं आणि मुलांच्या पाहण्यासाठीं गुप्त आंकडा घालण्याची सोय असते. तो आंकडा पालकांनीं स्वतः घालावा. मुलाकडून घालवून घेतलेलें कुलूप मुलास अडवीत नाहीं.

आतां त्या घरीं पुढें काय झालें, तें सांगून हा लेख पुरा करतों. पहिली पेटी वायफायवरून काढून टाकली; ते पैसे गेले ते गेलेच. पावसाळा संपल्यावर फायबरची जोडणी आली. मुलानें या वेळीं टीव्हीची पाठ पाहिली, भिंती मोजल्या, आजीस रिमोट हातांत देऊन पाहिला, आणि ओळखीच्या कंपनीची, साध्या एचडीची, पहिलीहून स्वस्त अशी एक स्टिक घेतली. आजीला दोनच गोष्टी शिकवाव्या लागल्या: कोणतें बटण दाबावयाचें, आणि तें दाबून "दशावतार" म्हणावयाचें. त्या रात्रीं मायलेकरें निजलीं, तरी माजघरांतून मृदंगाचा आवाज येत होता.

वर्गांत जें आम्हीं शिकवितों, तेंच येथेंही खरें आहे. उत्तर शोधण्यापूर्वीं प्रश्न नीट वाचावा. टीव्हीची पाठ, घराच्या भिंती, इंटरनेटचा वेग आणि आजीचा हात, या चार ठिकाणीं प्रश्न लिहिलेला असतो. दुकानांत केवळ उत्तरें मांडलेलीं असतात.